सांगली लिहू की पुणे?

जून-जुलै हे महाराष्ट्रात पावसाचे महिने, तसेच ते ऑप्शन फॉर्मचेही. सीईटीचा निकाल लागतो, पर्सेंटाइल हातात येतात आणि घराघरांत एकच चर्चा सुरू होते: कॉलेज बघायचे की ब्रँच? मी कवितेचा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंत, नोकरी एका सहकारी संस्थेत पगारपत्रके करण्याची. तरीही मिरजेत आमच्या मोहल्ल्यात गेली दहा-पंधरा वर्षे हे फॉर्म माझ्याच टेबलावर भरले जातात. कवीला सगळे कळते असा आमच्या लोकांचा गैरसमज आहे, आणि तो दूर करावा असे मला अजून वाटलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तंबोरे करणाऱ्या कारागिराची मुलगी आली. गुण चांगले, पण आकाशाला भिडणारे नाहीत. समोर तीन वाटा होत्या. पुण्याच्या सीओईपीत मेटलर्जी मिळण्याची शक्यता, सांगलीच्या वालचंदमध्ये इलेक्ट्रिकल आणि पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर. मामा, मावसभाऊ, क्लासचे सर, सगळ्यांचे मत कॉम्प्युटरला. मुलीला मात्र घरातला मिक्सर उघडून बसायची सवय. वडिलांनी मला विचारले, "शायरसाब, सरकारी सरकारी म्हणतात, ते नक्की काय असतं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर भल्याभल्यांना नीट देता येत नाही. आयआयटी आणि नागपूरचे व्हीएनआयटी केंद्राचे. तिथे जेईईच्या वाटेने जायचे. कऱ्हाडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे, थेट राज्य सरकारचे. वालचंद १९४७ चे, नांदेडचे श्री गुरु गोबिंदसिंगजी १९८१ चे, माटुंग्याचे व्हीजेटीआय १८८७ चे. ही अनुदानित आणि स्वायत्त. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या. पण वालचंद किंवा कऱ्हाडच्या मुलाच्या पदवीवर नाव येते शिवाजी विद्यापीठाचे. पुण्याचे सीओईपी १८५४ पासूनचे, विश्वेश्वरय्या तिथलेच. २०२२ मध्ये ते स्वतःच विद्यापीठ झाले, आता पदवी त्यांची त्यांची. आणि लोणेऱ्याचे बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, १९८९ चे, त्याच्या छत्राखाली आज राज्यभरची कितीतरी खासगी कॉलेजेही आहेत. त्यामुळे नुसते विद्यापीठाचे नाव बघून कॉलेज सरकारी समजू नये.

ही जुनी नावे एवढी का टिकली, याचे एक कारण इतिहासात आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडले. त्याआधी राज्यात या जागा मोजक्याच होत्या. त्या मोजक्या कॉलेजांतून निघालेली माणसे पुढे कारखान्यांत, पाटबंधाऱ्यांत, मंत्रालयात वर चढली आणि आपल्या कॉलेजचा मुलगा दिसला की त्यांचा हात थोडा सैल होतो. याला कुणी नेटवर्क म्हणते. आमच्याकडे ओळख म्हणतात.

आता पैशाचे बोलू. आपण खरे तर तिथूनच सुरुवात करतो, फक्त उघड बोलत नाही. सरकारी म्हणजे स्वस्त, हे गणित मुलींच्या बाबतीत थोडे बदलले आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश फेरीतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. खासगी कॉलेजातही. म्हणून तर मामा-मावसभाऊ म्हणत होते की फी नाहीच, मग कॉम्प्युटर का सोडायचे? पण माफी आहे ती फीची. वसतिगृह, खानावळ, लॅपटॉप, सणासुदीला गावी यायचे भाडे, हे कोण माफ करणार? पुण्यात खोली करून राहिलेल्या मुलीचा महिन्याचा खर्च आणि मिरजेहून सांगलीला दहा-बारा किलोमीटर एसटीने जाऊन घरी जेवणाऱ्या मुलीचा खर्च, मी दोन रकाने पाडून लिहून दाखवला. वडील बराच वेळ कागदाकडे बघत बसले. तंबोऱ्याच्या धंद्यात पैसा एकदम येतो आणि मग महिने-महिने येत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे कौतुक झाले, पण त्याने घरचा महिन्याचा ताळेबंद बसत नाही.

नोकरीचा विषय निघाला की पॅकेज हा शब्द येतो. इथे मात्र मी कवी नसतो, पगार कारकून असतो. बारा लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला लाख रुपये हातात, असे समजणारी सुशिक्षित माणसे मी पाहिली आहेत. त्या आकड्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याचा हप्ता असतो, कामगिरीवर मिळेल किंवा न मिळेल अशी रक्कम असते. काही ठिकाणी पहिल्या वर्षी एकदाच मिळणारा बोनस आणि तीन-चार वर्षांत पसरलेले शेअरही त्यात मोजतात. म्हणून हातात काय पडणार, हे विचारावे. विचारायला लाजू नये.

दुसरी गोष्ट सरासरीची. दहा मुलांपैकी नऊ जणांना पाच-पाच लाख आणि एकाला पंचावन्न लाख मिळाले, तर सरासरी निघते दहा लाख. दहा लाख तर कुणालाच मिळालेले नाहीत! म्हणून मधला आकडा बघायचा. सगळे पगार चढत्या क्रमाने मांडले की मध्यावर येतो तो. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते, तिच्यासाठी कॉलेजांना किती मुले वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मधला पगार किती, हे द्यावे लागते. भाग घेणाऱ्या कॉलेजांच्या संकेतस्थळावर तो तक्ता असतो. वर्तमानपत्रातल्या पानभर जाहिरातीपेक्षा तो एक तक्ता वाचावा. आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' दिसले की शंभर कशाचे, ते विचारावे. वर्गातल्या सगळ्यांचे, की अट पूर्ण करून नाव नोंदवलेल्यांचे? हा छेद कॉलेज आपल्या सोयीने धरते.

ब्रँचचे काय? कॉम्प्युटरला नावे ठेवायचे कारण नाही. पण २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या चाललेल्या कॉलेजांना एका शाखेतल्या जागांवरची मर्यादा उठवली आणि अनेक ठिकाणी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. त्याच सुमारास, २०२३ पासून, मोठ्या आयटी कंपन्यांनी कॅम्पसवरची भरती आखडती घेतली. एकीकडे जागा वाढल्या, दुसरीकडे गिऱ्हाईक कमी. बाजारात बसणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय अनेक आयटी कंपन्या मुलाखतीला सगळ्या शाखांची मुले बोलावतात. इलेक्ट्रिकलची मुलगी प्रोग्रॅमिंग शिकून तिकडे जाऊ शकते. कॉम्प्युटरची मुलगी महापारेषणच्या उपकेंद्रात अभियंता म्हणून जाऊ शकत नाही. यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार या चारच विषयांत होते. जलसंपदा आणि बांधकाम खात्यांतल्या जागा मुख्यतः सिव्हिलवाल्यांच्या. गेट परीक्षेच्या गुणांवर सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या माणसे घेतात, त्यातही या जुन्या शाखांना वाव जास्त. ज्या घरात सरकारी नोकरीकडे डोळे लागलेले असतात, तिथे नेमकी हीच बाब सांगायची राहून जाते.

त्या मुलीने फॉर्म कसा भरला, ते सांगतो, कारण इथे पुष्कळ जण फसतात. लोकांना वाटते, वर अवघड कॉलेज लिहिले तर खालचे हातचे जाईल. तसे होत नाही. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते. पहिले तुमच्या गुणांना बसले नाही तर दुसरे बघते. म्हणून यादी मनातल्या खऱ्या क्रमाने लिहावी, गेल्या वर्षीच्या कटऑफच्या भीतीने नव्हे. मात्र पहिल्या क्रमांकावर लिहिलेले पहिल्याच फेरीत मिळाले तर ते घ्यावेच लागते, पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. तेव्हा जिथे जायचेच नाही ते हौस म्हणून वर लिहू नये. तिने व्हीजेटीआय आणि सीओईपीचे इलेक्ट्रिकल वर लिहिले, मिळणार नाही हे ठाऊक असून. मग वालचंद इलेक्ट्रिकल, मग कऱ्हाड इलेक्ट्रिकल. मेटलर्जी तिने स्वतः खोडली. मामा दोन महिने बोलले नाहीत. तिला वालचंद मिळाले.

कॉलेज बघायला जायचे तर मुलाखतीच्या दिवशी, रांगोळी काढलेली असताना जाऊ नका. साध्या बुधवारी दुपारी चारला जा. प्रयोगशाळेला कुलूप आहे की आत मुले आहेत, ते बघा. शिपायाला विचारा, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला चहा पाजा आणि विचारा, तुझ्या वर्गातले किती जण लागले. तो खरे सांगतो, कारण त्याला जाहिरात करायची नसते.

आणि एक कारकुनी सूचना. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, रहिवासी दाखला हे कागद मेमध्येच काढून ठेवा. जुलैत सेतू केंद्रासमोर छत्र्यांची जी रांग लागते, तिच्यात हुशार मुलांचेच आईबाप जास्त असतात.