गारांचा अंदाज कसा ऐकावा?

श्रोतेहो, उन्हाळ्यात आठवड्याचा हवामान अंदाज सांगतो, ‘तुरळक ठिकाणी गारपीट’. आपल्या शहापुरात गार पडली नाही, की आपण अंदाजाला नावे ठेवतो. मीही ठेवली आहेत. पण हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ म्हणजे फार तर २५ टक्के ठिकाणी. मुरबाडला माळशेजच्या पायथ्याशी गारा आणि शहापुरात ऊन असले, तरी अंदाज खराच!

आकाशातून बर्फ पिंजल्या कापसासारखा पडतो, साबुदाण्यासारखा पडतो किंवा गार होऊन. ५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड ती गार. पहिले दोन आपल्या उष्ण हवेत वाटेतच वितळतात. ढगातल्या वर उसळणाऱ्या वाऱ्याने तोलून धरलेली, थरावर थर चढलेली गारच जमीन गाठते. महाबळेश्वरचे हिमकण मात्र पडत नाहीत. ते गोठलेले दव.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाडा-विदर्भातली उभी पिके झोपवली. म्हणून आठवड्याचा अंदाज ऐकून तयार भेंडी तोडून घ्यावी, वाळत घातलेली मोहफुले घरात आणावीत. पुढच्या तीन तासांचा इशारा आला, की गुरे गोठ्यात आणि आपणही घरात. गार चुकली, तर नुकसान काहीच नाही.