खाटेपलीकडची शुश्रूषा
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



“आता करण्यासारखे काही राहिले नाही, घरी न्या,” हे शब्द आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असतील. आम्हीही ते उच्चारले आहेत, हे येथे मान्य केलेच पाहिजे. रोग बरा होणार नाही, एवढेच त्यात खरे असते. वेदना, धाप, निद्रानाश यांवर करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते. मग ते का होत नाही? दोष केवळ डॉक्टरांच्या मनोवृत्तीचा नाही, व्यवस्थेच्या घडणीचाही आहे.

मॉर्फिनचेच पाहा. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरील हे स्वस्त आणि गुणकारी औषध. नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफू पिकते, तरी आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळेना. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याखाली निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत; एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपे. शिक्षेच्या धास्तीने कित्येक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली संसदेने कायदा सुधारला आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी ठरली. पण ज्या डॉक्टरांनी उभ्या शिक्षणात मॉर्फिन कधी लिहून दिले नाही, त्यांची लेखणी एका दुरुस्तीने कशी धजावणार?

दुसरी बाब पैशाची. विमा असो वा सरकारी योजना, पैसे बहुधा दाखल झालेल्या रुग्णाचेच मिळतात. परिचारिका घरी जाऊन जखम धुते, लेकीला आईची कूस बदलायला शिकवते, त्याची पावती कोणाच्या नावे फाडावी? वांद्र्यात १९८६ साली शांती अवेदना सदन उभे राहिले, तेव्हा देशात तसे दुसरे नव्हते. परंतु गावोगावी सदने बांधणे शक्य नाही. केरळने २००८ साली धोरण आखून ही सेवा स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडली आणि पंचायतींच्या साहाय्याने परिचारिका घरोघरी पोहोचल्या. आपल्याकडे हा भार अद्याप बव्हंशी धर्मादाय संस्थाच वाहतात.

खाटेवर आप्तांच्या नावाची पाटी असावी, ही देणगीदारांची इच्छा स्वाभाविक आहे. गृहभेटीला पाटी लावता येत नाही. तरीही यंदाचा निधी प्रथम परिचारिकांचे वेतन आणि गाडीचे इंधन यांकडे वळवावा, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे. वेदना रात्री असह्य होतात, हे येथे बसलेल्या कुटुंबीयांना ठाऊक आहे. तेव्हा रात्री दूरध्वनी उचलणारे एक जाणते माणूसही याच निधीतून नेमावे लागेल.