नावामागे नको, खेळ पाहून निवडा

तुमसर तालुक्यातल्या बचत गटांसोबत काम करणाऱ्या आम्ही सगळ्या आज क्रिकेटवर बोलणार आहोत. हसू नका, विषय आपल्याच कामाचा आहे.

क्रिकेटची टीम लावायचा खेळ घरातल्या पोरांच्या मोबाइलवर तुम्ही पाहिला असेल. सामन्याआधी दोन्ही संघांतून अकरा खेळाडू निवडायचे. नावाजलेली खेळाडू महाग, अनोळखी स्वस्त, आणि सगळ्या मिळून १०० गुणांत बसवायच्या. मग मैदानात त्या जशा खेळतील तसे आपल्याला गुण. यात पैसे लावल्याने घरात भांडणं झाली, गटाचे हप्ते थकले, हे आपण पाहिलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ते बरंच झालं. आम्ही मुलींसोबत हाच खेळ वहीवर खेळतो. एक रुपयाही लावत नाही.

यात एक गंमत कळली. स्मृती मानधना सगळ्यांच्याच वहीत असते. तिने शंभर धावा काढल्या तरी गुण सगळ्यांना सारखेच. पुढे जाते ती मुलगी, जिने इतरांना न दिसलेली खेळाडू घेतली.

अशी खेळाडू ओळखायची कशी? तीन गोष्टी पाहायच्या. तिला फलंदाजीला लवकर पाठवतात का? ती बॅटिंग-बॉलिंग दोन्ही करते का? मागच्या चार-पाच सामन्यांत ती कशी खेळली?

आपल्या विदर्भातलीच भारती फुलमाळी घ्या. अमरावतीची. २०१९ मध्ये भारताकडून दोन टी-ट्वेंटी सामने खेळली, मग नाव मागे पडलं. मार्च २०२५ मध्ये गुजरातकडून मुंबईविरुद्ध तिने २५ चेंडूंत ६१ धावा काढल्या. त्या दिवशी जिच्या वहीत भारती होती, तिचे गुण किती वाढले असतील!

दुसरी किरण नवगिरे, सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची लेक. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा काढल्या. २०२३ च्या पहिल्या लिलावात स्मृतीला ३ कोटी ४० लाख मिळाले, किरणला ३० लाख. पुढच्या वर्षी मुंबईविरुद्ध तिला सलामीला पाठवलं आणि तिने ३१ चेंडूंत ५७ धावा केल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर इथं जवळ, नागपुरात, तिने ३४ चेंडूंत शतक ठोकलं.

अंगात खेळ होताच. पुढे पाठवलं, म्हणून तो लोकांना दिसला.

आता आपल्या गटाकडे पाहा. बँकेत जायचं असो की पंचायत समितीत, दरवेळी त्याच दोघी जातात. कारण त्यांना बोलता येतं, साहेब त्यांना ओळखतात. आणि कोपऱ्यात बसून सगळ्यांचा हिशोब तोंडी सांगणारी? रोवणीच्या दिवसांत वीस बायांची मजुरी न चुकता वाटणारी? तिला आपण कधी सलामीला पाठवलं?

अध्यक्ष-सचिव बदलायची वेळ आली की सवयीचं नाव घेऊ नका. आधी विचारा: हिने काम काय केलं, हिला संधी किती मिळाली? निदान पुढच्या महिन्यात बँकेत जाताना, कधीच न गेलेल्या एका बाईला सोबत न्या. स्लिप तिलाच भरू द्या. चुकली तर दुसरी स्लिप घ्या.

आणि महिला प्रीमियर लीग सुरू झाली की पोरींना घेऊन वहीत टीम लावा. आमचा एकच नियम आहे: अकरापैकी चार जणी अशा हव्यात, ज्यांचं नाव घरात आधी कुणी ऐकलेलं नाही.