डॉ. सुनीती सॉलोमन : मद्रासच्या मराठी घरातील एक संशोधिका
(गोरवा येथील व्याख्यानाची संहिता)



मराठीच्या अध्यापकाने शताब्दीच्या निमित्ताने एखाद्या कवीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज रक्ताच्या काही नमुन्यांविषयी बोलणार आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपणांस हा विषय परका वाटू नये, कारण यातील मुख्य व्यक्ती आपल्यासारख्याच एका घरातली आहे.

डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. कुटुंब मराठी, वास्तव्य मद्रासचे, व्यापार चामड्याचा. आठ भावंडांत ही एकटी मुलगी. दरवर्षी लस टोचायला घरी येणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यामुळे तिला वैद्यकाची ओढ लागली. मद्रास मेडिकल कॉलेजात शिक्षण झाले आणि तेथेच व्हिक्टर सॉलोमन भेटले. ते पुढे हृदयशल्यविशारद झाले. परदेशातील वास्तव्यानंतर १९७३ मध्ये दोघे मायदेशी परतले आणि सुनीतीबाई सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापनात रमल्या.

त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, सेल्लप्पन निर्मला यांना, प्रबंधासाठी एक अवघड विषय सुचविला : एड्सचा विषाणू मद्रासमध्ये आहे काय? हा रोग पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा, आपल्याकडे तो फिरकणारच नाही, अशी तेव्हा भल्याभल्यांची समजूत होती. (संस्कृतीच्या अभिमानाला आपण कधीकधी लशीचे काम सांगतो!) निर्मलांनी अटकेतील वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने घेतले. साठवणीची सोय नव्हती, म्हणून ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये आगगाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले. त्यांतील सहा नमुन्यांत संसर्ग आढळला. पुढे अमेरिकेतील तपासणीनेही त्यास दुजोरा दिला. भारतातील एचआयव्हीची ही पहिली नोंद.

नोंद झाली, पण माणसांचे काय? अशा रुग्णांना घरचे दार बंद होई, दवाखान्याचेही. १९९३ मध्ये सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र स्थापिले. तेथे तपासणी होई, उपचार होत, आणि रुग्णाला शेजारी बसवून त्याचे ऐकूनही घेतले जाई.

या केंद्रातील एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. तो मला सर्वांत अस्वस्थ करतो. बाधित अशा १३४ स्त्रियांची ती पाहणी. त्यांत शंभरांत ८१ गृहिणी होत्या, आणि शंभरांत ८८ जणींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेला होता. ज्या उंबरठ्याला आपण सुरक्षित समजतो, त्याच्या आतच रोग आला होता. ‘पापाचे फळ’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत फार सैल वापरला जातो. या आकड्यांपुढे तो कोणाच्या पदरात घालायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

याच बाई पुढे बाधित तरुण-तरुणींची लग्ने जमवू लागल्या. त्यावर ‘लव्हसिक’ नावाचा माहितीपटही २०१७ मध्ये आला. स्थळे पाहणे, दोन्हीकडच्या प्रकृतीचे अहवाल जुळविणे, हा वधूवरसूचक उद्योग आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण एकाकीपण हेही दुखणेच आहे, हे त्यांनी रुग्णांकडूनच ऐकले होते.

नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चेन्नईचे हे केंद्र होते, पुण्यातील संशोधकही होते. बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केली तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ मध्ये दिसून आले.

आता काविळीकडे वळतो. दूषित पाण्याची कावीळ आपल्याला ठाऊक असते. ‘क’ प्रकारच्या यकृतदाहाचा विषाणू मात्र रक्तातून पसरतो आणि वर्षानुवर्षे मुकाट राहून यकृत पोखरतो. नशेसाठी एकच सुई अनेकांनी वापरली की तो आणि एचआयव्ही एकाच वाटेने येतात. डॉ. सुनील सॉलोमन हे सुनीतीबाईंचे चिरंजीव. त्यांनी आईसह व इतर सहकाऱ्यांसह भारतातील अशा १४,४८१ व्यसनग्रस्तांची पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ३७ टक्के लोकांत ‘क’ विषाणूच्या संसर्गाची खूण सापडली आणि त्यांतील फारच थोड्यांना त्याची कल्पना होती. एचआयव्ही औषधांनी काबूत राहतो, नाहीसा होत नाही. ‘क’ विषाणूचा संसर्ग मात्र नव्या गोळ्यांनी बहुतेकांच्या बाबतीत तीन महिन्यांत पूर्ण बरा होतो.

सुनीतीबाई २८ जुलै २०१५ रोजी निवर्तल्या. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २८ जुलै हा जागतिक यकृतदाह दिन. २०१८ मध्ये त्याच तारखेला केंद्र सरकारने विषाणूजन्य यकृतदाहाच्या मोफत तपासणीचा व उपचारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.