परत केलेले पारितोषिक



१९३५ साली सिमल्याच्या ललित कला संस्थेकडे एक पत्र गेले. पत्र लिहिणारी चित्रकर्ती अवघी बावीस वर्षांची होती. संस्थेच्या वार्षिक प्रदर्शनात तिच्या एका चित्राला फरीदकोटच्या महाराजांच्या नावाचे पारितोषिक जाहीर झाले होते आणि ते तिने साभार परत पाठविले होते. संस्थेच्या ठरीव संकेतांशी ज्याचे काम अधिक जुळते अशा एखाद्या कलावंताला ही रक्कम द्यावी, अशा आशयाचा शेराही त्यात होता. यापुढे आपली चित्रे पॅरिसच्या ‘सालाँ’मध्येच मांडावी लागतील आणि तेथे त्यांचे स्वागत बरे होते, हेही तिने बजावून सांगितले होते. ती चित्रकर्ती म्हणजे अमृता शेरगिल.

पारितोषिक मिळाले असताना एवढा राग कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. अमृताने त्या प्रदर्शनासाठी दहा चित्रे पाठविली होती. निवड समितीने त्यातील पाच नाकारली. आपली अधिक चांगली चित्रे परीक्षकांनी दाराबाहेर ठेवली आणि बक्षीस मात्र त्यांच्या सवयीच्या चाकोरीत बसणाऱ्या चित्राला दिले, अशी तिची धारणा होती. तिच्या दृष्टीने तो गौरव नव्हता. नव्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या कलावंताला, तू मागे फिर, आम्ही तुला शाबासकी देतो, असे सुचविणारी ती एक सौम्य ताकीद होती.

येथे त्या काळचे सिमला डोळ्यांसमोर आणले पाहिजे. इंग्रज सरकारची ती उन्हाळी राजधानी. प्रदर्शनात भिंतीवर काय लागावे हे ठरविणाऱ्यांची अभिरुची हौशी जलरंगांवर पोसलेली होती. देवदारांची रांग, बर्फाची शिखरे, उन्हात झळकणारा बंगला. अमृता त्याच सिमल्यात राहून भोवतालची पहाडी माणसे रंगवीत होती. लांबट, कृश, मूक आकृती. डोळ्यांत न बोललेले दुःख. ‘पहाडी स्त्रिया’ हे तिचे चित्र त्याच वर्षीचे आणि ‘भारतमाता’ हेही त्याच वर्षीचे. या भारतमातेच्या मस्तकी मुकुट नाही, हाती ध्वज नाही. मुलांना जवळ घेऊन बसलेली ती एक दरिद्री, सावळी स्त्री आहे. दिवाणखान्याची शोभा वाढविणारे चित्र शोधणाऱ्याला ते रुचणे अवघडच होते.

या मुलीला अहंकार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिचे वडील उमरावसिंग शेरगिल मजिठिया हे संस्कृत व फारसीचे जाणकार, आई हंगेरियन गायिका. जन्म बुडापेस्टचा, १९१३ सालचा. चित्रकलेचे शिक्षण पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’मध्ये. ‘दोन तरुणी’ या चित्रासाठी १९३३ साली पॅरिसच्या ‘ग्राँ सालाँ’चे सुवर्णपदक तिला मिळाले आणि त्या संस्थेने तिला आपले सहसदस्यत्वही दिले. म्हणजे सिमल्याला चित्रे पाठविली तेव्हा ती कोणी होतकरू विद्यार्थिनी नव्हती. तथापि पत्रात तिने पॅरिसचा दाखला दिला म्हणून तिची निष्ठाही तिकडेच होती, असे समजण्याचे कारण नाही. युरोपात असतानाच तिने घरी कळविले होते की, अजिंठ्याचे एक भित्तिचित्र तिला साऱ्या युरोपीय प्रबोधनकाळाहून मोलाचे वाटते. पॅरिसची सुस्थिर वाट सोडून ती १९३४च्या अखेरीस भारतात आली ती याच ओढीने. परक्या भूमीत शिकून स्वतःची भूमी शोधायला निघालेल्या या मुलीला सिमल्याचे परीक्षक युरोपच्याच शिळ्या मापाने मोजत होते, यातली विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

नोव्हेंबर १९३६मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात उकील बंधूंबरोबर तिचे प्रदर्शन भरले. मुंबईत तिला कार्ल खंडालावाला भेटले. पेशाने वकील, पण चित्र पाहण्याची नजर पक्की. तिच्या चित्रांचे मर्म भारतात ज्यांनी सर्वप्रथम ओळखले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. तेथून ती अजिंठा-वेरूळला गेली. ज्याची पारख तिने दुरून केली होती, ते आता भिंतीवर साक्षात समोर होते. त्या लेण्यांतल्या चित्रकारांना निवड समिती नव्हती, चित्राखाली किमतीची चिठ्ठी नव्हती, त्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यानंतर दक्षिणेत कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रे तिने पाहिली. ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिणी ग्रामस्थ’ ही १९३७ची तीन चित्रे या प्रवासाचे फलित होत. त्यांतला गेरूचा तांबडा आणि शंखासारखा पांढरा रंग पाहताना अजिंठा आठवल्यावाचून राहत नाही. पण ती नक्कल मात्र नव्हे.

ग्राहकांचे काय? चित्रे बरोबर घेऊन ती हिंडली. हैदराबादच्या नवाब सालारजंगांनी तिची चित्रे परत केली. म्हैसूरच्या महाराजांनी तिच्या चित्रांऐवजी राजा रविवर्म्याची चित्रे पसंत केली. या दुसऱ्या प्रसंगावरून महाराजांना हसण्याची प्रथा आहे. ती न्याय्य नाही. रविवर्म्याने पुराणातील देवता घराघरांत पोहोचविल्या, आणि त्यालाही मद्रासच्या १८७३च्या प्रदर्शनातील सुवर्णपदकानेच प्रथम नाव मिळवून दिले होते. एका पिढीने कष्टाने कमावलेली दृष्टी पुढच्या पिढीला अडसर वाटावी, असे कलेच्या इतिहासात वारंवार घडते. अडसर झालेल्या दृष्टीचा मालक त्यात नेहमीच दोषी असतो असे नाही.

पण सगळीच दारे बंद नव्हती. बॉम्बे आर्ट सोसायटी ही १८८८ साली स्थापन झालेली मुंबईची जुनी संस्था. तिने १९३७ साली अमृताच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले. खाली नजर लावून बसलेल्या तीन मुली, चेहऱ्यावर हसू नाही, हालचाल नाही. पुढे वाढून ठेवलेल्या आयुष्याविषयी त्यांना कोणी विचारलेले नाही आणि कोणी विचारणारही नाही, एवढे मात्र कळते. हे चित्र तिने रंगविले ते १९३५ साली, म्हणजे सिमल्याचे पारितोषिक परत केले त्याच वर्षी. हात तोच होता, वर्ष तेच होते. भिंत निवडणारे तेवढे वेगळे होते. हे पदक तिने परत केले नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाहोरच्या फलेटी हॉटेलात तिचे प्रदर्शन झाले. चार्ल्स फाब्री यांच्यासारख्या समीक्षकाने तिची मुक्त कंठाने स्तुती केली. स्तुती पुष्कळ होत होती, चित्रे मात्र बहुतेक घरीच परत येत होती. १९३८ साली तिने हंगेरीत व्हिक्टर एगान या डॉक्टरशी विवाह केला. परतल्यावर गोरखपूरजवळच्या सराया गावी ती राहिली. १९४१ साली दोघे लाहोरला आले. तेथे नवे प्रदर्शन डिसेंबरात भरायचे ठरले होते. तयारी सुरू असतानाच ती आजारी पडली आणि ५ डिसेंबर १९४१ रोजी गेली. वय अठ्ठावीस. घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या म्हशींचे चित्र अपुरे राहिले. प्रदर्शन त्याच महिन्यात भरले, चित्रकर्तीवाचून.

१९७६ साली भारत सरकारने तिच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. सप्टेंबर २०२३मध्ये तिचे ‘कथा सांगणारी’ हे १९३७चे चित्र लिलावात ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले. लिलावात भारतीय चित्राला तोवर मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये १९५४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आज तिच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह आहे. त्यातली पुष्कळशी चित्रे तिच्या पतीकडून आणि वडिलांकडून तेथे आली. ती त्यांच्यापाशी शिल्लक होती, कारण हयातीत ती कोणी विकत घेतली नव्हती.