शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला



पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कामगाराच्या घरी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली, की पहिला विचार होतो तो रजेचा आणि पैशाचा. शस्त्रक्रिया खरोखरच हवी काय, हा प्रश्न क्वचितच निघतो. तसे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे.

अपघात किंवा अडकलेला हर्निया यांत विलंब जिवावर बेतू शकतो. तेथे दुसऱ्या सल्ल्यासाठी थांबू नये. कर्करोगाची शंका असल्यास तपासणी लांबवू नये. परंतु त्रास न देणारे पित्ताशयातील खडे, झिजलेला गुडघा, पाळीच्या तक्रारीसाठी गर्भाशय काढणे, अशा शस्त्रक्रिया बहुधा दिवस ठरवून होतात. तेथे आठवडा-पंधरवडा हाताशी असतो.

हा वेळ न घेतल्यास काय घडते, हे बीड जिल्ह्याने दाखविले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेक जणी चाळिशीच्या आतील होत्या. पती-पत्नी मिळून एक कोयता. खाडा पडला की मुकादमाकडून दंड. त्यात कोणी कर्करोगाची भीती घातली, की उचल घेऊनही शस्त्रक्रिया होई. पुढे त्या जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती घेणे बंधनकारक करण्यात आले. मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे आज चाकण-भोसरीच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. खाड्याची धास्ती येथील कंत्राटी कामगारालाही आहे.

न्यूयॉर्कमध्ये कामगारांसाठी असा सल्ला पद्धतशीरपणे उपलब्ध करण्यात आला. १९७२ मध्ये तेथील कामगार कल्याण निधींच्या सभासदांसाठी ही योजना सुरू झाली. १९७४ च्या अहवालानुसार, स्वेच्छेने आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के आणि नियमानुसार पाठविलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के रुग्णांच्या बाबतीत दुसऱ्या तज्ज्ञाने शस्त्रक्रियेस दुजोरा दिला नाही. याचा अर्थ पहिले डॉक्टर चुकलेच, असा नव्हे. एकाच दुखण्यावर दोन प्रामाणिक मते असू शकतात. बहुसंख्य रुग्णांना दुजोराच मिळाला, हेही विसरू नये.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क नमूद आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. सोनोग्राफी, क्ष-किरण चित्रे, रक्ताचे अहवाल हे सारे बरोबर न्यावे. अन्यथा त्याच तपासण्यांचा खर्च पुन्हा पडतो. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, विमाधारकांसाठी चिंचवडचे राज्य कामगार विमा रुग्णालय आणि पुण्याचे ससून येथे तज्ज्ञ उपलब्ध असतात. सल्ला देणाऱ्याचा त्या शस्त्रक्रियेत आर्थिक संबंध नसावा, एवढे अवश्य पाहावे.

तज्ज्ञाला विचारावे: औषधाने भागेल काय? सहा महिने थांबल्यास काय होईल? शस्त्रक्रियेनंतर किती दिवस पाळीवर जाता येणार नाही? दोघांची मते भिन्न पडल्यास कारणे लिहून मागावीत. मनासारखे उत्तर मिळेपर्यंत दवाखाने पालथे घालणे, हा मात्र दुसरा सल्ला नव्हे.

गावोगावच्या ग्रामपंचायतींनी या रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभागांचे वार व वेळा फलकावर लावाव्यात. अक्षर न येणाऱ्या रुग्णाबरोबर आशा कार्यकर्ती किंवा एखादे शिक्षक गेले, तर कागद वाचून दाखविण्याची सोय होईल.