विंचवाच्या विषावरचा उतारा
श्रोतेहो, आज १ जुलै, डॉक्टर दिन. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे आभार मानायचे आहेत. कोकणात लाल विंचू चावला की दरदरून घाम सुटायचा, हातपाय गार पडायचे, फुफ्फुसांत पाणी भरायचं. धडधाकट माणूस डोळ्यांदेखत जायचा. लहान मुलं तर फारच. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असल्यापासून बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. रक्तदाबावरचं प्राझोसिन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतं, हृदयावरचा ताण उतरवतं, म्हणून ते त्यांनी या दंशावर वापरलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉक्टर, वाचलेल्या प्रत्येक लेकराच्या आईच्या वतीनं मनापासून धन्यवाद. आणि श्रोतेहो, विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा.